साहेब ‘ये’ म्हणाले

डोक्यावर चढवायच्या त्या वस्तूला मी पहिल्याच दिवशी डबडं म्हणाले आणि चैतन्यला भयंकर राग आला. "मावशी, डबडं नका ना म्हणू. व्हीआर हेडसेट आहे, फॉरेनहून मागवलाय." मी म्हटलं, फॉरेनहून आलंय म्हणून आरती ओवाळू का त्याला?

चैतन्य म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, शालिनीचा मुलगा. जन्म दिल्लीतला, वाढलाही इथेच, आणि आता गुरुग्रामला काचेच्या एका इमारतीत चौदाव्या मजल्यावर स्वतःची छोटी कंपनी थाटून बसलाय. काम काय, तर यूपीएससीच्या मुलांची मुलाखतीची तालीम करून घ्यायची. मुलगा रिकाम्या खोलीत साध्या खुर्चीवर बसतो, डोळ्यांवर डबडं चढवतो, की समोर लांबलचक टेबल, टेबलामागे पाच जणांचं बोर्ड, भिंतीवर राजमुद्रा, एसीची घरघर, सगळं हजर. हिंदी आणि इंग्रजीचं बोर्ड त्यानं मशीनवर सोडलं होतं. पण मराठीतून मुलाखत देणारी आपली पोरं यायला लागली आणि पंचाईत झाली. मशीन म्हणायचं, "कृपया आपले आसन ग्रहण करून आपल्या छंदास स्पष्ट करावे." एक मुलगा म्हणे हसता हसता खुर्चीवरून खाली आला.

म्हणून मी. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात उभा जन्म घालवून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेली, मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत सगळ्या कमिटीशी भांडून झालेली, आणि आता घरात बसून नवऱ्याचं डोकं खाणारी सुनेत्राकाकू. मला खात्री आहे, शालिनीच्या कानात आमच्या बळवंतरावांनीच घातलं असणार की हिला कुठेतरी अडकवा बाई.

बोर्डातले चार जण नुसते बाहुले होते. माना हलवायचे, कागद उलटायचे, मधूनच खाकरायचे. मधले अध्यक्ष, म्हणजे साहेब, ती मी. प्लायवुडच्या भिंतीपलीकडच्या खोलीत मीसुद्धा डबडं घालून बसायची. मी हात उचलला की साहेबांचा हात उचलला जायचा, मी मान तिरकी केली की त्यांची. बोलायची मी, आणि त्या पोरांच्या कानात जायचा तो जाड, सावकाश, पुरुषी आवाज. खाली बघितलं तर मला माझे हात दिसायचे नाहीत. करड्या कोटाच्या बाह्या, पांढरे कफ आणि केसाळ बोटं. शी! पहिल्या दिवशी मी ते हात झुरळ झटकावं तसे झटकले होते.

आठवड्याभरात ते हात मला आवडायला लागले. कशाला खोटं बोलू? असल्या हातांसमोर मी आयुष्यभर फायली ठेवल्या होत्या. "ठेवा तिथे" म्हणताना मान वरसुद्धा न करता ते एकच बोट कसं हलवतात, मला तोंडपाठ होतं. आता ते बोट माझं होतं. आणि ऐका, घरून निघताना माझा उजवा गुडघा ठणकत असायचा, मेट्रोचे जिने चढताना जीव जायचा. पण एकदा साहेब झाले की तासभर गुडघ्याची आठवणसुद्धा यायची नाही. साहेबांना गुडघेदुखी नव्हती ना.

घरीही त्याची लागण झाली. एकदा बळवंतराव बँकेत काय झालं ते सांगत होते. सांगता सांगता जरा थांबले, तर मी चष्मा काढून त्यांच्याकडे बघत म्हणाले, "पुढे?"

"पुढे काही नाही साहेब," ते म्हणाले, "भाजी आणायचीय. पिशवी मिळेल का?"

मी हसले. ते हसले नाहीत, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

नसरीन मुलाणी आली ती याच सुमाराला. सांगली जिल्ह्यात विटा म्हणून गाव आहे, तिथली. ओल्ड राजेंद्रनगरला एका खोलीत तिघी राहायच्या. लेखी परीक्षा दोनदा पास झालेली पोरगी, पण गेल्या वर्षी मुलाखतीत तोंडातून शब्द फुटला नाही आणि थोडक्यात यादीबाहेर राहिली. यंदाचा प्रयत्न शेवटचा, असं घरी कबूल करून आलेली. मुलाखत मराठीतूनच देणार होती. चैतन्यनं मला तिची फोटोसकट माहिती दिली आणि म्हणाला, "मावशी, हिला जरा टफ द्या. मागच्या वेळी फाटली होती तिची."

दिलं मी टफ. पोरगी हुशार होती, उत्तरं मुद्देसूद, पण माझी नजर तिच्या हातांवर. डबड्याबरोबर दोन्ही हातांत एकेक कंट्रोलर धरायचा असतो, त्यामुळे तिचे खोटे हात मला तिथे टेबलाशी दिसायचे. तोंडानं ती कितीही शांत बोलली तरी ते हात थरथरायचे. मी मुद्दाम गप्प बसायची. चष्मा काढायची, पुसायची, परत घालायची. तिला ठाऊक होतं की ती गुरुग्रामच्या रिकाम्या खोलीत बसलीय, पायांत तिच्याच चपला आहेत, बाहेर पँट्रीत कुणीतरी चहा गाळतंय. डोक्याला सगळं ठाऊक होतं. हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सेशन संपलं की चैतन्य तिच्या मनगटावरच्या पट्टीनं काढलेला आलेख मला दाखवायचा. "मावशी, हार्टरेट देखो यार! एकशे तीस! एवढं रिअल वाटतंय तिला!" आणि मी, शहाणी, खूश व्हायची.

तिची माझी ओळख झाली ती मात्र बाहेर, एम. जी. रोड स्टेशनवर. मी फोनवर बळवंतरावांना कुकरच्या शिट्ट्यांवरून झापत होते. मागून आवाज आला, "काकू, तुम्ही मराठी?" वळून बघते तर हीच. घाऱ्या डोळ्यांची, ओढणी डोक्यावरून घेतलेली, हातात वर्तमानपत्राची घडी. मघाशी जिला तासभर सोलून काढलं होतं ती, आणि चेहऱ्यावर माहेरचं माणूस भेटल्यासारखा आनंद. चौदाव्या मजल्यावरच काम करते म्हटल्यावर मी अकाउंट्सला असणार असं तिनंच ठरवून टाकलं. मी नाही म्हटलं नाही. पडद्यामागे कोण आहे ते सांगायचं नाही, अशी चैतन्यची सक्त ताकीद होती.

मग दर खेपेला आम्ही राजीव चौकपर्यंत बरोबर. तिथून ती द्वारकेच्या बाजूला, मी नोएडाच्या. ती मला तिच्या आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी द्यायची, मी तिला दडपे पोहे. दिल्लीत वाढलेल्या आमच्या पोरांना 'दडपे' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. ही डबा उघडायच्या आधी वासावरून ओळखायची. मला लेक नाही. तिच्याशी बोलताना मला फार बरं वाटायचं, अगदी खरं सांगते. आणि सेशनला तिच्यासमोर साहेब होऊन बसल्यावरही बरंच वाटायचं. दोन्ही एकाच बाईला कसं वाटतं, हा प्रश्न त्या वेळी मला पडला नाही.

मग ते गलाईचं झालं. विट्याकडची माणसं देशभर गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे जुने दागिने आम्लात उकळून त्यातलं सोनं वेगळं काढायचं. तिच्या अर्जात गाव बघून मी साहेबांच्या तोंडून विचारलं, "तुमच्या भागातली माणसं घरदार सोडून सोनं गाळायला का जातात?" ती सावकाश बोलायला लागली. पाऊस नाही, पाणी नाही, इथपासून सुरू करून मागच्या बोळातली छोटी खोली, आम्लाचा पिवळा धूर, तो वर्षानुवर्षं छातीत घेणारी माणसं, गावाकडे बांधलेली मोठी घरं आणि त्या घरांत खोकत परत आलेले कारागीर. चांगलं बोलत होती. फारच चांगलं बोलत होती. बोर्डासमोर कुणी इतकं चांगलं बोललं की साहेबलोक काय करतात, ते मी पाहिलेलं होतं. मी चष्मा काढला, ते केसाळ बोट उचललं आणि म्हणाले, "हे पाठ केलेलं आहे. तुमचं स्वतःचं काही आहे का?"

तिचे हात थरथरायचे थांबले. मला वाटलं, वा, घट्ट झाली पोरगी.

त्या दिवशी मेट्रोत ती माझ्याशेजारी बसली. मी डबा पुढे केला, तिनं घेतला नाही. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "काकू, मी मुलाखतीला जाणार नाहीये."

"वेड लागलंय का तुला? पुढच्या आठवड्यात मुलाखत आणि—"

"आमचे अब्बा कोईमतूरला होते. गलाईच्या दुकानात. मी लहान असल्यापासून. आता घरी असतात, चार पायऱ्या चढवत नाहीत त्यांना." तिचा आवाज अगदी सपाट होता. "हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मैत्रिणींना पण नाही. आज पहिल्यांदा सांगितलं, नाव न घेता. तर तो म्हणाला, पाठ केलेलं आहे."

मी घाईघाईनं म्हणाले, "अगं, तो खोटा आहे! कॉम्प्युटरमधला माणूस तो. त्याचं काय मनावर घेतेस?"

"मला माहितीय की तो खरा नाही ते. रोज स्वतःला सांगते. पण त्यानं मला बघितलंय ना, काकू." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "गेल्या वर्षीच्या खऱ्या बोर्डातला एक पण चेहरा मला आठवत नाही. आणि ह्याच्या कोटाला किती बटणं आहेत ते पण सांगते बघा. आता तिथे अब्बांचं विचारलं तर माझ्या तोंडातून निघणार नाही. परत गेल्या वर्षीसारखं होणार. त्यापेक्षा नकोच जायला."

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं की बाई गं, तो मी आहे. मी डब्याचं झाकण लावत बसले. ताकीद होती, नोकरी होती, हे सगळं आहेच. पण मला साहेबांना सोडायचं नव्हतं, हेही होतं. राजीव चौक आलं, ती गर्दीतून निघून गेली. नेहमीसारखं वळून बघितलंसुद्धा नाही.

घरी गेल्यावर मी बळवंतरावांना सगळं सांगितलं. ते बोलत नाहीत फार. एवढंच म्हणाले, "तूच घाबरवलंयस, तूच काढ तिची भीती." मी म्हटलं, अगदी बरोबर. साहेबांनी घाबरवलंय, साहेबच समजूत काढतील. पुढच्या वेळी साहेब असे गोड वागतील की पोरगी उड्या मारत मुलाखतीला जाईल. नसरीनला मी फोन करून गळ घातली, पैसे भरलेत तर हे शेवटचं सेशन तरी सोडू नकोस. माझ्या शब्दाखातर ती आली.

आणि साहेबांना गोड वागताच येईना! मी म्हणाले, "घाबरू नका, आरामात बसा." भिंतीपलीकडे ते असं पोचलं की ती आणखी ताठ झाली. मी हसले. त्या खोट्या टेबलाच्या काचेत मला साहेब हसताना दिसले आणि मलाच कसंतरी झालं, पाण्याच्या पिंपाआड बसलेला बोका दिसावा तसं. मी म्हणाले, "मागच्या वेळचं तुमचं उत्तर फार छान होतं." ती म्हणाली, "सॉरी सर." म्हटलं, "अहो, खरंच छान होतं." ती परत म्हणाली, "सॉरी सर." माझा जीव रडकुंडीला आला आणि बाहेर पडणारा आवाज मात्र तसाच जाड, सावकाश, तृप्त. त्या गळ्यातून माया बाहेर पडायला वाटच नव्हती.

शेवटी हरले. म्हणाले, "ठीक आहे. आपण जाऊ शकता."

ती उठली. त्या खोट्या खोलीला खोटं दार होतं, तिथपर्यंत चालत जायचं, मग सेशन संपायचं. दाराशी पोचली, अर्धवट वळली आणि सवयीनं म्हणाली, "येते, सर."

आपल्यात निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. आणि कुणी 'येते' म्हटलं की मोठ्या माणसाच्या तोंडून उत्तर आपोआप जातं, त्याला विचार लागत नाही. माझ्याही तोंडून गेलं.

"ये गं. सावकाश जा."

मशीननं आवाज जाड केला, पुरुषी केला. पण त्या 'गं'चा हेल काही त्याला इस्त्री करून सरळ करता आला नाही. राजीव चौकाच्या गर्दीत ती रोज ऐकत होती तोच हेल.

दाराशी ती थबकली. पूर्ण वळली. खोलीच्या त्या टोकावरून माझ्याकडे, म्हणजे साहेबांकडे, बघत राहिली.

"काकू?"

माझ्या कानात चैतन्यचा आवाज आला, "मावशी, सेशन ओव्हर था ना? तिला परत का बोलावलंत? 'ये' म्हणालात तुम्ही!"

"गप्प बस रे!" साहेब गरजले. तेही सगळं तिला ऐकू गेलं.

प्लायवुडचं दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा मी डबडं कपाळावर सरकवलं. मी खुर्चीत मांडी घालून बसले होते, खांद्यावर शाल, चपला टेबलाखाली. तिच्या केसांवर पट्ट्याचा वळ उमटला होता. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही माझ्या आईची चटणी खात होता," ती म्हणाली.

"नसरीन, बस गं. ऐकून तर घे. ते माझं काम आहे. खऱ्या बोर्डात याहून वाईट माणसं असतात, म्हणून तयारी—"

"मी तुमच्याजवळ येऊन त्याच्याबद्दल सांगत होते. तुमच्याजवळ!"

मी पुढे काहीतरी बोलत राहिले. तालीम, कणखरपणा, आमच्या काळी असं होतं, तसलंच सगळं. बोलता बोलता मला जाणवलं की मी एक बोट उचलून बोलतेय. ते मी पटकन शालीत घेतलं. तिनं ते पाहिलं होतं.

"उठा," ती म्हणाली. "मला त्या खुर्चीत बसायचंय. तुम्ही जा तिकडे."

चैतन्य दारात येऊन "पण मॅम, पॉलिसी..." असं काहीतरी पुटपुटत होता. मी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तो गेला.

मी तिच्या खोलीत जाऊन तिच्या खुर्चीवर बसले. डबडं चढवलं. समोर साहेब.

आता हसू नका. मी त्या साहेबांच्या आत महिना काढला होता. त्यांच्या कोटाचं अस्तर कुठे उसवल्यासारखं दिसतं, तेही मला माहीत होतं. आत कोण बसलंय, तेही माहीत होतं: विट्याची पंचविशीतली पोरगी, जिला मी पोहे खायला घालते. तरी मी शाल सारखी केली आणि ताठ बसले. चैतन्यच्या माणसांनी त्यांची खुर्ची वीतभर उंच ठेवली होती आणि ही माझी खुर्ची बुटकी, हे मला वरून कधी कळलंच नव्हतं. इथून ते डोंगराएवढे दिसत होते.

"नाव?" साहेब म्हणाले.

मी उठून उभी राहिले. साठी उलटलेली बाई, गुरुग्रामच्या रिकाम्या खोलीत, समोर कुणी नाही, आणि मी उभी राहून माझं नाव सांगितलं.

"बसा. काम काय करता?"

"मुलांची... तयारी करून घेते, सर." 'सर' म्हणाले मी तिला!

"घाबरवता."

"हो."

"का?"

माझ्याकडे पाच-सहा उत्तरं तयार होती. मघाशीच देऊन झाली होती. साहेबांनी चष्मा काढला, पुसायला घेतला. माझ्याकडूनच शिकली होती पोरगी. ते थांबणं, बाई, ते थांबणं! मी किती जणांना त्यात बुडवलं होतं, मला काय कल्पना. तोंडातून जे निघालं, त्यात त्या पाच-सहांतलं एकही उत्तर नव्हतं.

"आवडतं म्हणून," मी म्हणाले.

साहेबांनी चष्मा परत घातला. मग तो जाड, सावकाश आवाज आला, पण आत विट्याचं बोलणं: "इथनं तुम्ही लई लहान दिसता, काकू."

आणि साहेबांची मान एकदम छातीवर पडली, हात दोन्ही बाजूंना लोंबले. तिनं डबडं काढून ठेवलं होतं. बाहेर लिफ्टची घंटी वाजल्याचं मी ऐकलं. ती निघून गेली होती, समोर नुसता रिकामा कोट होता, त्याच्या बाजूचे चार बाहुले अजून माना हलवत होते. आणि तरी मी तिथेच बसून राहिले, हात मांडीवर ठेवून, कारण साहेबांनी अजून मला जायला सांगितलं नव्हतं. चैतन्यनं येऊन माझ्या डोक्यावरून ते काढलं तेव्हा मी उठले.

नंतर तिनं माझा फोन घेतला नाही. मी चैतन्यला सांगून टाकलं, बाबा, तुझं मशीनच बरं. जाणार आहे की नाही ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या मुलाखतीची तारीख मला ठाऊक होती, आणि कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथिगृहात तिला त्या आठवड्यापुरती खाट मिळाली आहे, हेही. पण तिथे जायचं तोंड नव्हतं. म्हणून मुलाखतीच्या सकाळी मी शहाजहान रोडला आयोगाच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. कुणाचे आईवडील, कुणाचे भाऊ, सगळे फाटकाकडे तोंड करून उभे होते. त्यांच्यातच मीही. येते की नाही, येते की नाही, दुसरं काही सुचत नव्हतं. नवस बोलायची राहिले होते तेवढी.

ती आली. मोरपंखी सुती साडी, डोक्यावर पदर, हातात फाइल. रिक्षातून उतरली, पैसे दिले, आणि तिची नजर माझ्यावर पडली. थांबली. मी हात वर करणार होते, केला नाही. ती वळली आणि फाटकातून आत गेली. गेली! माझे डोळे भरून आले आणि शेजारच्या एका बापानं मला विचारलं, "आपकी बेटी है?" मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

दुपारी बाहेर आली ती सरळ रस्ता ओलांडून माझ्याकडेच आली. मला वाटलं, आता तोडते ही मला.

"झालं," ती म्हणाली.

"कसं झालं?"

"एक बाई होत्या अध्यक्ष. चष्मा सारखा घसरत होता त्यांचा. एक सर मला प्रश्न विचारून स्वतःच घड्याळ बघत होते." ती माझ्याशेजारी कट्ट्यावर टेकली. "दोन प्रश्न नाही आले. नाही येत म्हणून सांगितलं. मग त्यांनी गलाईचं विचारलं."

"आणि?"

"अब्बांचं सांगितलं. ह्या वेळी नाव घेऊन. आवाज कापला माझा. कापू दे म्हटलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पाच जणं होती, काकू, पण माणसंच होती. मी त्या खुर्चीत बसून आलेय. तिथनं कोण पण लहानच दिसतंय. त्यात माझी काय चूक?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले. ती जरा बाजूला सरकली. मी हात मागे घेतला, पिशवीतून डबा काढला, उघडला. थालीपीठं केली होती. तिनं एक तुकडा मोडला. सकाळपासून पोटात काही नसणार. ती खातेय हे बघून मला धीर आला आणि मी मूर्खासारखी बोलून गेले.

"आता सोड गं राग. ते सगळं खोटंच होतं ना. टेबल खोटं, बोर्ड खोटं, तो मेला साहेब खोटा."

ती चावायची थांबली. घास गिळला.

"साहेब खोटा होता," ती म्हणाली. "पण 'तुमचं स्वतःचं काही आहे का', असं मला कुणी विचारलं?"

गाड्या जात होत्या. समोरच्या फाटकातून आणखी एक मुलगा बाहेर आला आणि त्याच्या घरच्यांनी त्याला घेरलं.

"मी विचारलं," मी म्हणाले.

"मग तेवढं खरं होतं."

आणि तिनं दुसरा तुकडा मोडला. मी पाण्याची बाटली उघडून तिच्याशेजारी ठेवली.